दिसेल तेवढंच ठेवा

१ तारीख, सोमवार

आलो बुवा एकदाचे! ट्रकवाल्याने कपाट जिन्यात असं काही अडकवलं की वरचे वर आणि खालचे खाली. बाबा मधोमध उभे राहून दोन्हीकडच्यांना सूचना देत होते आणि त्यांचं कोणीही ऐकत नव्हतं. शेवटी एक पाय मोडून कपाट आत आलं. त्या पायाच्या जागी माझी कॉलेजची गणिताची पुस्तकं घातली आहेत. निदान आता तरी ती कोणाचा तरी भार पेलताहेत.

घर मला पाहताक्षणी आवडलं. दुसरा मजला, एकामागे एक दोन खोल्या, शेवटी चिंचोळं स्वयंपाकघर. भिंती फिक्या पिस्त्याच्या रंगाच्या. पुढच्या खोलीच्या खिडकीतून दुपारपर्यंत ऊन येतं, तिथे बाबांची वेताची खुर्ची टाकली. नळ उघडला की शिट्टी वाजते. बाबा म्हणाले, चला, घरात गाणारं कोणीतरी आहे.

बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आई गेल्यापासून माझ्याजवळच असतात. मी एवढी घोडी झाले तरी मला ठमी म्हणतात, चारचौघांतसुद्धा. सामान लावताना खालच्या मजल्यावरच्या मावशी चहा घेऊन वर आल्या, त्यांच्यासमोरही ‘ठमे, कप घे’ झालंच. किल्लीचा एक जोड मावशींकडे ठेवला, कारण मी दिवसभर बाहेर आणि बाबांना दार आतून लावून झोपायची खोड.

उद्यापासून नोकरी. मनासारखं काम, बरा पगार, बाबांना ऊन. आणखी काय हवं माणसाला?

३ तारीख, बुधवार

आमची कंपनी घरं दाखवते. म्हणजे गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, डोळ्यांवर चष्मा चढवतं आणि न बांधलेल्या घरात हिंडतं. मान वळली की चित्र वळलं पाहिजे. पापणी लवायच्या आत अख्खी खोली नव्याने रंगवायची, तीही ऊन-सावलीसकट, आणि पुढच्या क्षणी पुन्हा पहिल्यापासून. चित्र जरा मागे राहिलं की माणसाला मळमळायला लागतं. ते मागे राहू न देणं हे माझं काम.

बाबांना समजावलं की यात सगळी गंमत लबाडीची असते. लांबची वस्तू ओबडधोबड काढायची, जवळ गेलं की चटकन नीटस करायची. उजेडाचा हिशोब आधीच करून भिंतीवर चिकटवून टाकायचा. गेल्या क्षणाच्या चित्रातलं जमेल तेवढं उचलून या क्षणाला वापरायचं. आणि जे कॅमेऱ्याला, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेला, दिसत नाही ते काढायचंच नाही. बाबा म्हणाले, यात नवीन काय, पाटीची मागची बाजू कोणता शहाणा रंगवतो? दृष्टीआड सृष्टी!

साहेब गोड बोलतात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सतत जांभया देणारा गृहस्थ आहे, त्याचं नाव मी मनातल्या मनात जांभईराव ठेवलं आहे. त्याने मला इथला रिवाज सांगितला. नव्या माणसाने पहिल्यांदा स्वतःचं राहतं घर मोजून प्रोग्राममध्ये घालायचं आणि सगळे प्रयोग त्याच घरावर करायचे. कारण परक्या घरात भिंतीचा रंग चुकला तरी कळत नाही. आपल्या घरात उशी तिरकी असली तरी डोळ्यांत खुपते. मला हे फार पटलं.

६ तारीख, शनिवार

घर मोजून झालं. खोल्यांच्या कोपऱ्यांत बोंडाएवढी यंत्रं चिकटवली आहेत, ती तिथेच राहणार. घरात जे बदलेल ते प्रोग्राममध्येही बदलत राहतं. मी चष्मा घालून घरभर फिरले आणि कॅमेरा माझ्या उंचीला, माझ्या नजरेला बांधून घेतला. त्या घरात बघणारी मी. कॅमेऱ्याला स्वतःचं शरीर नसतं, त्यामुळे मी प्रोग्राममध्ये कुठेच दिसत नाही. बाबांना याचं वाईट वाटलं. स्वतः मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला कंगवा फिरवून, फोटोला बसावं तसे खुर्चीत बसले होते.

९ तारीख, मंगळवार

साहेबांचा गोडवा संपला. पंधरवड्याने बड्या गिऱ्हाइकाला दाखवायचं आहे आणि तेही स्वस्तातल्या यंत्रावर. चित्र हवं त्याच्या निम्म्या वेगानेही चालत नाही. दिवसभर एकेक वस्तू बंद करून बघितली. पडदे फुकट. भांडी स्वस्त. कपाट किरकोळ. सगळा वेळ कोण खातंय, तर बाबा! मिशीचा केस न् केस, कानाच्या पाळीतून झिरपणारा उजेड, स्वेटरची वीण, हातावरच्या शिरा. जांभईराव जांभई देत म्हणाला की तुमचे वडील फार महाग आहेत हो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते इतके खूश झाले की विचारू नका. मावशींना जिन्यातून हाक मारून सांगून आले.

१२ तारीख, शुक्रवार

डोकं उठलंय. मिशी साधी केली, वीण चिकटवली, सावल्या अर्ध्या केल्या. वेग वाढला, तर आता मेमरी पुरत नाही. साहेब टेबलापाशी येऊन उभे राहतात आणि नुसता श्वास सोडतात. त्यापेक्षा ओरडा म्हणावं! आज म्हणाले की न दिसणाऱ्या गोष्टी काढत नाहीस हे ठीक, पण त्यांना जागा तरी का देतेस? दिसेल तेवढंच ठेव.

चिडून तेच केलं. कॅमेऱ्याची पाठ वळली की वस्तू मेमरीतून बाहेर. नजर पडली की परत आत. परत आणायची तर मूळ प्रत कुठेतरी ठेवावी लागते, आणि तिलाही जागा लागते. म्हणून मूळ ठेवलंच नाही. शेवटचं जे चित्र पडद्यावर दिसलं असेल तेच मूळ समजायचं आणि त्यावरून पुढचं बनवायचं. जागाच जागा झाली! वेग असा आला की जांभईरावने जांभई अर्धवट सोडली. साहेबांनी सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

एकदाची सुटले.

१५ तारीख, सोमवार

आज बाबांशी भांडण. सकाळी डबा झाकून ठेवून गेले होते, संध्याकाळी आले तर तसाच. पाण्याचा तांब्या भरलेला. औषधाची गोळी चमच्यात होती तिथेच. मी तोंडाचा पट्टा सोडला. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अगं, तू आत्ता तर दार लोटून गेलीस, काय विसरलं म्हणून परत आलीस? बाहेर अंधारून आलेलं दाखवलं तेव्हा उठून खिडकीशी गेले.

वर दिवसभर फोन उचलला नाही. पाच वेळा केला. म्हणे वाजलाच नाही. या वयात माणसं हट्टी होतात हे ऐकून होते, पण हा कळसच. जेवतानाही मी नीट बोलले नाही. आता वाईट वाटतंय.

१७ तारीख, बुधवार

आजही डबा तसाच. त्यांना भूकच नसते, कारण त्यांच्या लेखी सकाळ नुकतीच झालेली असते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, विसराळूपणा असेल, घेऊन या.

आणखी एक. दार उघडल्याबरोबर क्षणभर बाबांचा चेहरा सपाट दिसला. नाक, डोळे, सगळं होतं, पण रंगवल्यासारखं. मग नीट झाला. दिवसभर पडद्याकडे बघून माझेच डोळे गेले असणार. पण हनुवटीखालचा तीळ सापडला नाही. मी विचारलं तर म्हणाले, कसला तीळ?

१८ तारीख, गुरुवार

मावशी जिन्यात भेटल्या. दुपारी बाबांची विचारपूस करायला वर गेल्या होत्या, बेल वाजवून थकल्या, शेवटी किल्लीने उघडून आत गेल्या. घरात कोणी नव्हतं. बाबा कुठे गेले होते, असं त्या मला विचारत होत्या. खुर्ची होती का, म्हणून मी विचारलं. हा काय प्रश्न झाला, असं त्यांना वाटलं असणार. जरा आठवून म्हणाल्या, खुर्चीही नव्हती बाई, मला वाटलं दुरुस्तीला दिलीत.

कोपऱ्यांतली यंत्रं आठवली. प्रोग्राममधून जे जातं ते घरातूनही जात असेल तर? छे! शिकलेल्या माणसाने असला विचार करू नये.

१९ तारीख, शुक्रवार

केला. विचारही केला आणि प्रयोगही. सकाळी निघताना बशीत बर्फाचा खडा ठेवला, पुढच्या खोलीच्या खिडकीत, उन्हात. संध्याकाळी आले. बर्फ तसाच होता, कोपरे शाबूत. मी बघत उभी राहिले तेव्हा वितळायला लागला.

बशी घासायला घेतली, ती हातातून निसटली. बाबा बाहेरून विचारत होते की ठमे, काय फुटलं.

२० तारीख, शनिवार

सुट्टी असून ऑफिसात गेले. तिथे चष्मा घातला, आमच्या घरात शिरले. बाबा खुर्चीत. नजर त्यांच्यावर ठेवून फोन लावला आणि त्यांनी उचलला! आवाज फोनमध्ये, ओठ चष्म्यात. मान वळवली की फोन मुका. परत बघितलं की पुन्हा हॅलो, हॅलो.

प्रत्येक वेळी परत येताना थोडे कमी येतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे. आणि मूळ मीच ठेवलेलं नाही. मी! जागा वाचवायला!

साहेब होतेच तिथे. त्यांना सांगितलं की तो बदल मागे घ्यायचा आहे. का, ते कसं सांगू? मी म्हटलं, चूक सापडली. ते म्हणाले की इतका सुंदर वेग आलाय, चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. मी हात जोडले. त्यांना वाटलं मी दमले आहे, चार दिवस सुट्टी घे म्हणाले. त्यांच्या अंगावर चष्मा फेकावासा वाटला.

मग स्वतःच बसले. माझा बदल काढून टाकायला गेले तर प्रोग्रामने स्पष्ट सांगितलं, या क्षणी जे मेमरीत नाही त्याची प्रत कुठेही नाही. पुढे गेल्यास ते कायमचं जाईल. या क्षणी बाबा घरी आणि मी इथे, म्हणजे बाबा मेमरीत नाहीत.

बटण दाबलं नाही. चष्मा आणि लॅपटॉप पिशवीत कोंबून धावत घरी आले.

२१ तारीख, रविवार

बाबांसमोर बसून आहे. नजर हलवायची नाही ठरवलंय. लिहिते ती वही त्यांच्या गुडघ्याशी धरून, म्हणजे दोन्ही दिसतात.

सकाळी त्यांना दवाखान्यात न्यायला निघाले. घराबाहेर काढलं की सुटले, असं वाटलं. उंबऱ्यापर्यंत नीट आले. एक पाय बाहेर टाकला आणि माझ्या हातातला त्यांचा हात हलका झाला. कागदासारखा. घर मोजलं ते उंबऱ्यापर्यंतच. मागे ओढून घेतलं. त्यांना काही कळलं नाही, चप्पल निसटली म्हणाले. ती बाहेर पडली असणार, आता नाही कुठे.

इथून बदल काढून टाकायचा तर पडद्याकडे बघावं लागतं. आणि बाबा तेवढेच उरतील, जेवढे आज आहेत. आज त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत. त्या हाताने त्यांनी पाट्या रंगवल्या. मला म्हणाले, मी काय तमाशा आहे का गं, अशी टक लावून काय बघतेस? मी रडले. तेव्हाही डोळे पुसले नाहीत.

सोमवार

डोळ्यांची आग आग. जागी आहे. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून, आरसा तिरका धरून — लाज गेली सगळी. एकदा डुलकी लागलीच. उघडले डोळे तर बाबा होते, पण आईचं नाव विचारलं तर आठवेना. हसले नुसते. माझं आठवतं अजून.

काहीतरी केलंच पाहिजे. माझं शरीर माझं ऐकणार नाही फार काळ.

मंगळवार

सापडलं! मी मूर्ख, मी गाढव, इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. कॅमेरा कधी काढला जात नाही! जो बघतो त्याला मेमरीतून टाकायची सोयच नाही. मला काही झालं नाही ते त्यामुळेच. मग कॅमेरा बाबांच्या नजरेला बांधायचा. मांडीवर लॅपटॉप, एक डोळा त्यांच्यावर, एक पडद्यावर. बोंडाएवढ्या यंत्रांसमोर त्यांना चष्मा घालून घरभर फिरवलं. त्यांना मजा वाटली.

झालं. आता ते बघणारे. आता ते कुठेही जाणार नाहीत. पोटभर जेवले आज, दोनदा मागून घेतलं! चिकटलेली बोटं तशीच आहेत, पण वाढत नाही काही. मी हसत होते वेड्यासारखी. डोळे मिटून आडवी झाले, किती दिवसांनी—

त्यानंतर

बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि लगेच आले. पण खिडकीत ऊन होतं ते नाही. दिवे लागलेत रस्त्यावर. बाबांच्या गालावर खुंट वाढलेत. म्हणाले, कुठे होतीस तू? घरभर शोधलं.

मी इथेच होते. ही ओळ लिहीत होते.

अरे देवा.

मी आता वस्तू आहे. खुर्चीसारखी. कपाटासारखी.

वार माहीत नाही

दाराबाहेर हात घालून बघितला. मनगटाच्या पुढे काही नव्हतं. मागे घेतला, आला. नखं नाहीत पण. दुखत नाही.

लॅपटॉप बाबांच्या मागे राहिला होता. वळून बघा म्हटलं तर मी जाते. शेवटी त्यांनी उचलून माझ्याजवळ आणला, पण बटणांवर अक्षरं नाहीत. पडदा म्हणजे नुसती करडी फळी. तोही किती वेळा गेला-आला असेल.

मावशींचं दार वाजवायला बाबांना पाठवलं तर — नको. ते जातील तेवढा वेळ मी नाही. ते परत येतीलच, पण मी किती येईन?

सगळं सांगितलं त्यांना. कळलं की नाही देव जाणे. म्हणाले, एवढंच ना, जन्मभर तुझ्याकडेच तर बघत आलोय, अजून बघतो. खुर्ची समोर ओढून बसले. माझे बाबा. पाणी मारताहेत डोळ्यांवर. मी म्हणते मारू नका, पाणी मारताना डोळे मिटतात. पापणी लवते तेव्हासुद्धा एक फट पडते, त्या फटीत—

पुन्हा

वहीवरचं अक्षर माझं नाही. मोठं मोठं येतंय. बोटं धरत नाहीत पेन, मुठीत धरलंय.

भांडले त्यांच्याशी, डबा खाल्ला नाही म्हणून. किती बोलले. बाबा, चुकलं माझं

त्यांची मान पडली होती. परत वर आली. किती वेळ गेला, दिवस की—

हाक मारली. आवाज येतो, पण माझ्यासारखा नाही. सपाट.

बघताहेत माझ्याकडे. नीट बघताहेत. डोळे बारीक करून. खूप वेळ—

काहीतरी विचारलं त्यांनी. अहो-जाहो केलं. मला.

मी ठमी. बाबा, मी ठमी. ऐकू नाही आलं. पुन्हा म्हटलं. मान हलवली त्यांनी, अगदी नम्रपणे, न कळलेल्या माणसासारखी.

म्हणाले, माझी मुलगी येईलच इतक्यात, तुम्ही बसा. परक्या बाईकडे असं टक लावून बघायला ते ओशाळले. बघू नये असं करताहेत. नका हो, बाबा. बघा. बघत राहा, कोणी का असेना मी, नुसतं बघ

उठले. खुर्ची फिरवताहेत. दाराकडे तोंड करून माझी वाट बघाय